परीक्षण की साभार पोच?

पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा नावाची एक जुनी वस्ती आहे. हाताने कागद बनविणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. चिंध्या आणि जुनी पोती भिजवावयाची, कुटावयाची, त्यांचा लगदा चाळणीवर उचलून वाळवावयाचा आणि घोटून त्यावर लेखणी चालेल असा कागद तयार करावयाचा, हा त्यांचा व्यवसाय. गिरणीच्या कागदापुढे तो टिकला नाही. वस्तीचे नाव तेवढे राहिले. कागदीपुऱ्यातून निघून, शिवाजी रस्ता ओलांडून, शनिवारवाड्यावरून अप्पा बळवंत चौकात पायी पोहोचावयास फार वेळ लागत नाही. कागदाची जुनी वस्ती आणि पुस्तकांचा आजचा बाजार यांतील अंतर इतके थोडे आहे. परंतु छापील कागद आणि वाचण्याजोगा ग्रंथ यांतील अंतर मात्र मराठी वाचकाला आज एकट्याने, कोणाच्याही साहाय्यावाचून, तोडावे लागत आहे.

कसब्यातील एखादा माध्यमिक शिक्षक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या चौकातील दुकानात उभा आहे, अशी कल्पना करावी. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके यांचे ढीग ओलांडून तो आतल्या फळीपर्यंत जातो. तेथे धर्मसुधारणेच्या इतिहासावरील तीन पुस्तके शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकाची किंमत चारपाचशे रुपये आणि त्याच्या खिशाची ऐपत एका पुस्तकाची. तिन्हींच्या मलपृष्ठांवर ‘मौलिक’, ‘व्यासंगपूर्ण’ आणि ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ हेच शब्द आहेत. तिन्हींवर वर्तमानपत्रांतून चार ओळी येऊन गेल्या आहेत आणि त्या ओळी मलपृष्ठावरूनच उतरविलेल्या आहेत. कोणत्या लेखकाने मूळ साधने पाहिली, कोणी दुसऱ्याच्या पुस्तकावर पुस्तक रचले, कोणी प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले आणि कोणी ते वाकविले, हे सांगणारे कोणीही नाही. शिक्षक मुखपृष्ठ पाहून पुस्तक घेतो, किंवा न घेताच परततो.

साहित्य, तत्त्वज्ञान, धर्म आणि राजकीय विचार यांवरील पुस्तकांच्या परीक्षणाची मराठीत जी स्थिती झाली आहे, तिचे मर्म या एका प्रसंगात आहे. हा प्रश्न लेखकांच्या मानापमानाचा नाही. तो प्रथम वाचकाच्या पैशाचा आणि वेळेचा, आणि अंती समाजाच्या विचार करण्याच्या शक्तीचा प्रश्न आहे.

पोच, परिचय, परीक्षण

मराठी नियतकालिकांत एक जुनी सूचना असे: परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एक प्रत परीक्षकाची, दुसरी कचेरीची. ज्या पुस्तकांचे परीक्षण शक्य होत नसे त्यांची नावे ‘साभार पोच’ या मथळ्याखाली छापली जात. पोच म्हणजे पुस्तक मिळाले याची पावती. परिचय म्हणजे पुस्तकात काय आहे याचे निवेदन. परीक्षण म्हणजे जे आहे ते खरे आहे काय, नवे आहे काय आणि मांडण्याजोगे आहे काय याचा सकारण निर्णय. या तीन गोष्टी भिन्न आहेत हे पूर्वीच्या संपादकाला आणि वाचकालाही ठाऊक असे. आज बहुतेक ठिकाणी परिचयालाच परीक्षण म्हणण्याची रीत पडली आहे, आणि पुष्कळसे परिचय हे लांबलेली पोचच असतात.

कथा-कादंबरीची स्थिती त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल. कादंबरी वाचून आवडली किंवा न आवडली, एवढे तरी वाचक स्वतः ठरवू शकतो. वैचारिक ग्रंथाचे तसे नाही. उपनिषदांचा अमुक अर्थ आहे असे लेखकाने सांगितल्यास तो अर्थ मूळ संहितेला धरून आहे काय, हे तपासण्याची साधने सामान्य वाचकापाशी नसतात. मार्क्स किंवा गांधी यांच्या नावावर घातलेले मत त्यांचे आहे की लेखकाचे, हेही पुस्तक वाचून संपविल्यावरसुद्धा त्याला कळेल अशी शाश्वती नाही.

अर्थशास्त्रात अशा बाजाराचे चांगले विवेचन झालेले आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मोटार चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही. आणि हळूहळू बाजारात खराब माल तेवढा उरतो, असा त्याचा युक्तिवाद होता. २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत अकरलॉफ होते. वैचारिक पुस्तकांच्या बाजारास हा युक्तिवाद थोड्या फरकाने लागू पडतो. दहा वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ आणि दहा आठवड्यांत जुळविलेला ग्रंथ फळीवर सारखेच दिसू लागले, तर दहा वर्षे खपण्यास कोण तयार होईल? सद्ग्रंथ आणि संकलन यांतील भेद सांगणारा परीक्षक बाजारातून निघून गेला की नुकसान पहिल्याने वाचकाचे होते, आणि त्यानंतर चांगल्या लेखकाचे.

मग हा परीक्षक निघून का गेला? त्याचेही कारण आर्थिक आहे. चांगले परीक्षण लिहावयाचे तर चारशे पृष्ठे काळजीपूर्वक वाचावी लागतात, त्या विषयावरील आणखी दोनचार ग्रंथ उघडावे लागतात आणि एका माणसाचे वैर पत्करावे लागते. याचा मोबदला म्हणजे बहुधा पुस्तकाची एक प्रत. उलट त्या परीक्षणाचा लाभ नियतकालिकाचा अंक विकत न घेणाऱ्यालाही होतो, कारण मत तोंडोतोंडी पसरते. ज्याचा लाभ सर्वांना आणि ज्याचा खर्च एकट्याला, अशी वस्तू बाजारात पुरेशी निर्माण होत नाही हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. प्राध्यापकाच्या बढतीच्या हिशेबात शोधनिबंधाला जे वजन आहे ते मराठीतील ग्रंथपरीक्षणाला नाही, ही आणखी एक अडचण.

त्यातच ग्रंथविक्रीच्या पद्धतीची भर पडते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, आणि हे त्या कायद्याचे मोठेच श्रेय आहे. परंतु या ग्रंथालयांची खरेदी बऱ्याच अंशी शासनमान्य याद्यांवर चालते. प्रकाशकाचा मोठा ग्राहक यादी हाच असेल, तर वाचकाचे मन वळविण्याची आणि त्यासाठी परीक्षणाची गरज त्याला का भासावी? पुस्तक यादीत बसले की त्याचे काम झाले. यादी करणाऱ्या समितीने ते का निवडले, हे मात्र वाचकापर्यंत पोहोचत नाही.

पुण्याची परंपरा आणि तिचा दोष

पुणे शहराला ग्रंथपरीक्षणाची परंपरा नवीन नाही. पेशव्यांच्या काळी श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा दिली जाई. इंग्रजी अमदानीत या दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा अशी मागणी १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पाठांतराला दिले जाणारे द्रव्य लेखनाकडे वळले आणि त्याबरोबर लेखनाची पारख करण्याचे कामही आले. १८६७ मध्ये पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झाले. सरकारने मराठी पुस्तके मोजावयास आणि मराठी विद्वानांनी ती तोलावयास एकाच वर्षी प्रारंभ केला असे म्हणता येईल. (मोजण्याचा तो कायदा आता राहिलेला नाही. २०२३ मध्ये त्याच्या जागी जो नवा कायदा झाला त्यात पुस्तकांचा अंतर्भाव नाही.)

यानंतर १८७४ च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. ती १८८१ पर्यंत चालली आणि तिचे ८४ अंक निघाले. मराठी गद्याला तिने जो डौल दिला त्याविषयी दुमत नाही. पुस्तकावर निर्भयपणे मत द्यावे, मोठ्या नावाची भीड धरू नये, हा धडाही मराठी वाचकाने तेथेच घेतला. परंतु याच ‘निबंधमाले’ने मराठी परीक्षणाला एक वाईट सवयही लावली, हे परखडपणाचे गोडवे गाताना विसरता कामा नये.

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. ज्ञान, सत्ता आणि धर्म यांची मक्तेदारी एका वर्गाकडे कशी आली व तिचे परिणाम शेतकऱ्याला आणि अतिशूद्राला कसे भोगावे लागले, हा तिचा विषय. फुल्यांची इतिहासविषयक गृहीतके तपासावयाची होती. त्यांपैकी कित्येक टिकली नसती. त्यांचा सामाजिक आरोप तपासावयाचा होता. तो बव्हंशी टिकला असता. चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनावर लिहिताना भर दिला तो त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या उपहासावर. ज्याच्या हाती लेखणी दीडदोन पिढ्यांपूर्वी येऊच दिली गेली नसती, त्याची लेखणी अडखळते म्हणून हसणे हे परीक्षण नव्हते. प्रश्न अनुत्तरित राहिला आणि वाक्यरचना तेवढी तपासली गेली.

याचा परिणाम काय झाला? १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून फुल्यांना गेले. त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत सर्वांचे मानवी हक्क मान्य केलेले नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. एका उपहासामुळेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे शतकांचा अन्याय होता. तथापि एकाच शहरात, एकाच भाषेत लिहिणारे दोन वाचकवर्ग परस्परांची पुस्तके न वाचता वेगळे झाले, आणि हे टाळण्याचे जे एक साधन साहित्यव्यवहाराच्या हाती होते ते वापरले गेले नाही, एवढे निश्चित. फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले ते १९६९ मध्ये, म्हणजे ‘गुलामगिरी’नंतर ९६ वर्षांनी. वाईट परीक्षणाची किंमत एवढी मोठी असू शकते.

पूर्वपक्षाचा नियम

वस्तुतः येथील शास्त्रीय परंपरेत याहून चांगला नियम होता. प्रतिपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचे मत पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, आणि तेही दुबळ्या रूपात नव्हे, तर प्रतिपक्ष्याला ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे कबूल करावे लागेल इतक्या समर्थ रूपात. त्यानंतरच उत्तरपक्ष. हा नियम सर्वांनी सर्वकाळ पाळला असे नाही आणि वाद करण्याचा अधिकार मूठभरांनाच होता, हा तर त्या परंपरेचा मूळ दोष. पण नियम म्हणून तो आजही निरपवाद आहे.

एकोणिसाव्या शतकात हा नियम नकळत पाळला गेल्याचे एक उदाहरण मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडते. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात तेथे जाहीर वाद झाले. विषय धर्माचा, श्रोते दोन्ही पक्षांचे, आणि त्या वादाचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला तो एका मिशनऱ्याने. प्रतिस्पर्ध्याचे प्रश्न स्वतःच्या खर्चाने छापावयास लागणारा आत्मविश्वास त्या काळी होता.

पुढे १९१५ मध्ये टिळकांचे ‘गीतारहस्य’ आले. लोकमान्यतेच्या शिखरावर असलेल्या पुरुषाचा ग्रंथ म्हणून शांकरमताच्या पंडितांनी त्याची गय केली नाही. कर्मयोगपर अर्थ गीतेतून निघत नाही असे त्यांनी साधार मांडले. टिळकांचे चाहते आणि ते पंडित एकाच शहराच्या पेठांतून राहत होते. स्वातंत्र्यानंतर १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘नवभारत’ मासिकाने आचार्य जावडेकर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि पुढे मे. पुं. रेगे यांच्या संपादकत्वाखाली धर्म, तत्त्वज्ञान आणि राजकीय विचार यांवरील ग्रंथांना दीर्घकाळ स्थान दिले. वाईसारख्या लहान गावाशी जोडलेले ते मासिक. त्याचा खप मोठा नव्हता, परंतु ज्यांना वाचावयाचे होते त्यांना तेथे पुस्तकाचे मोल कळत असे.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे उदाहरण तर अभ्यासावे असे आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांचे दीर्घ विवेचन प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. प्रस्तावना म्हणजे स्तुती हा संकेत मोडून शिवाजीमहाराजांच्या चरित्राचे प्रश्न त्यांनी स्वतंत्रपणे उभे केले, आणि ते विवेचन कादंबरीसोबत छापण्याइतका मोठेपणा लेखकाने दाखविला. श्रद्धा आणि चिकित्सा एका बांधणीत राहू शकतात याचा तो पुरावा आहे.

जे छापून होत नाही ते रस्त्यावर होते

ही सवय सुटली की काय होते, हे याच शहराने पाहिले आहे. जेम्स लेन यांचे शिवाजीमहाराजांवरील इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये निघाले. प्रकाशकाने ते भारतातील बाजारातून मागे घेतले. म्हणजे सामान्य वाचकाला ते वाचून स्वतःचे मत बनविणेही दुरापास्त झाले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, आणि ज्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता अशा पोथ्या आणि ग्रंथांची नासधूस झाली. पुस्तकावरील बंदीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये निकालात निघाला. पुस्तकातील विधाने साधार की निराधार, हा खरा प्रश्न दोन्ही ठिकाणी बाजूला राहिला, कारण तो सोडविण्याची जागा जमाव नव्हे आणि न्यायालयही नव्हे.

त्याच वर्षाच्या अखेरीस कसब्यातील लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा महानगरपालिकेने हलविला. कोणाची बाजू बरोबर हा येथे मुद्दा नाही. बखरींना किती प्रमाण मानावे आणि समकालीन कागद काय सांगतात, असा तो साधनांच्या वाचनाचा प्रश्न होता. तो सुटला सभागृहातील ठरावाने आणि पोलीस बंदोबस्तात. लाल महालावरून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिवसांत घोषणा पुष्कळ ऐकावयास मिळाल्या. कोणती बखर कधी लिहिली गेली, हे त्याला किती जणांनी सांगितले?

शासनाचा व्यवहारही याहून निराळा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या मराठी अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच तो शासननिर्णयाने रद्द होऊन निवड समितीही बरखास्त करण्यात आली. हा पुरस्कार ज्यांच्या नावाचा, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आयुष्यभर मतभेद युक्तिवादाने सोडवीत आले होते. पुस्तक पुरस्कारयोग्य का होते याची कारणे वाचकाला विस्ताराने सांगण्यात आली नव्हती, आणि ते अयोग्य कसे ठरले याचीही नाही. देणे आणि काढून घेणे या दोन्ही क्रिया साभार पोचेसारख्याच झाल्या.

दोन आक्षेप, काही उपाय

यावर दोन आक्षेप घेतले जातील. आता प्रत्येक वाचक आपले मत मोबाइलवरून क्षणात जगाला कळवू शकतो. मग परीक्षक हवा कशाला, हा पहिला. मत कळविणे आणि मताची कारणे देणे यांत फरक आहे, हे त्याचे उत्तर. दहा हजार मतांची बेरीज केल्याने एक आधार तपासला जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परीक्षकही कंपूतलेच असतात, मित्राची पाठ थोपटतात आणि शत्रूचा काटा काढतात. हे खरे आहे. परंतु न्यायाधीश चुकतो म्हणून कोणी न्यायासन मोडत नाही. अपिलाची सोय करतो.

ही सोय करणे फार खर्चाचे नाही. नियतकालिकांनी पोच, परिचय आणि परीक्षण यांचे मथळे पुन्हा वेगळे करावेत. लेखकाशी किंवा प्रकाशकाशी संबंध असल्यास परीक्षकाने तो आरंभी नमूद करावा. प्रस्तावना लिहिणाऱ्याने त्याच पुस्तकाचे परीक्षण लिहू नये. लेखकाला उत्तर देण्यास जागा असावी. शासनाच्या निवड समित्यांनी आणि पुरस्कार समित्यांनी प्रत्येक निवडीमागील कारणे दोनशे शब्दांत प्रसिद्ध करावीत. पुस्तके वाचून निवडली असतील तर हे लिहिण्यास अडचण नाही. अडचण वाटली तर तेही जनतेस कळलेलेच बरे. महाविद्यालयांनी पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून दरवर्षी एका मराठी वैचारिक ग्रंथाचे परीक्षण लिहवून घ्यावे, आणि त्यात निम्मे गुण प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याबद्दल ठेवावेत. पेठेपेठेतील ग्रंथालयांना महिन्यातून एका संध्याकाळी एका पुस्तकावर दोन विरुद्ध मतांचे वक्ते बसविता येतील. त्याला सतरंजी आणि चहा यांपलीकडे खर्च नाही.

या उपायांनी महाराष्ट्रात विचारक्रांती होईल असे नव्हे. एवढे मात्र होईल की अप्पा बळवंत चौकातील फळीपुढे उभा असलेला तो शिक्षक तीन पुस्तकांतून एक कारणासहित निवडू शकेल, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला तर ‘एका पक्षाचे म्हणणे असे आहे, दुसऱ्याचे असे’ अशी सुरुवात त्याला करता येईल. कागदीपुऱ्याच्या कारागिरांना ठाऊक होते की लगदा घोटल्याशिवाय त्यावर शाई ठरत नाही, ती फुटते. ग्रंथाचेही तसेच आहे. तो छापला म्हणजे काम संपले नाही. तो कोणीतरी तपासावा लागतो, आणि तपासणाऱ्यालाही समाजाने आपला हितकर्ता मानावे लागते.